ओसरीवरची शिरगणती

श्रोते हो, नमस्कार.

लोकसंख्येवर बोलायचं म्हटलं की सुरुवातीलाच एक मोठा आकडा सांगून धाक घालायचा रिवाज आहे. आमच्या घरात मात्र हा विषय यायचा तो पक्षाचं बोट धरून. आबा, म्हणजे माझे आजोबा, पक्के काँग्रेसचे. थोरले काका, आमचे तात्या, जनसंघाचे. सातारा जिल्ह्यातलं गाव. संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्या संपल्या की ट्रान्झिस्टर बंद व्हायचा आणि ओसरीवर हे दोघे सुरू व्हायचे.

एसटीच्या पाठीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, जिथं बघाल तिथं कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण असायचा तो काळ. आबा म्हणायचे, "खाणारी तोंडं आवरली नाहीत तर धरणं बांधून उपयोग काय?" तात्या म्हणायचे, "आबा, नसबंदी आपल्या पोरांची होणार आणि मतं त्यांची वाढणार." "त्यांची" म्हणजे कुणाची हे आम्हा पोरांनाही कळायचं. मग आबांचं ठरलेलं उत्तर, "तुझी पाच आहेत, आधी ती मोज." आणीबाणी लागली, संघावर बंदी आली, तसा तात्यांचा आवाज खाली गेला. मुद्दा तोच राहिला.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. शिक्षकांना तेव्हा नसबंदीच्या "केसेस" आणून द्याव्या लागत. कोटा पुरा नाही, तर पगार अडकायचा. वडील शेजारच्या वाड्या-वस्त्या पालथ्या घालायचे आणि माणसं त्यांना बघून उसात शिरायची. शेवटी त्यांनी कॅम्पात स्वतःचंच नाव लिहून दिलं. त्या संध्याकाळी आबांनी त्याला देशकार्य म्हटलं, तात्यांनी जुलूम. दुखतंय का, हे वडिलांना आजीने विचारलं.

आता जरा इतिहास, कारण दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तो सोयीने गाळला जातो. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांच्यामागे कुठलाच पक्ष नव्हता. १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. सभागृहात बहुमत काँग्रेसचं. ठराव पडला. त्याच काँग्रेसच्या सरकारने १९७६ मध्ये याच राज्यात तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झालं नाही. महाराष्ट्र किती थोडक्यात वाचला, हे आजच्या पोरांना कुणी सांगत नाही.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. पुढच्या निवडणुकीत उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही. सगळ्याच पक्षांनी यातून एक धडा घेतला: पुरुषाच्या अंगाला हात लावायचा नाही. कार्यक्रमाचं नाव बदलून कुटुंबकल्याण झालं, आणि ओझं गुपचूप बायकांकडे सरकलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शस्त्रक्रिया करून घेतलेल्या विवाहित बायका जवळपास ३८ टक्के निघाल्या, आणि पुरुषाची नसबंदी झालेली जोडपी ०.३ टक्के. आमच्याच घरात बघा. वडिलांनंतर एकाही पुरुषाने नाव काढलं नाही. काकू, आत्या, पुढे माझ्या चुलत वहिन्या, सगळ्यांची "बिनटाक्याची" झाली, आणि त्याच आठवड्यात त्या पुन्हा चुलीपुढे. यावर ओसरीवर कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही.

आजीची नऊ बाळंतपणं झाली, मुलं जगली चार. १९७१ मध्ये देशात हजार बाळांमागे १२९ बाळं वर्ष पुरं व्हायच्या आत जात होती. २०२० मध्ये २८. पोर जगेल याची खात्री पटली, मुलगी शाळेत टिकली, आणि पाळणे आपोआप लांबले. शाळाच न पाहिलेल्या बाईला आज सरासरी २.८ मुलं होतात, बारावी झालेलीला १.८. महाराष्ट्राची सरासरी १.७ आहे. म्हणजे आपण लोकसंख्या टिकवून धरण्याच्या रेषेच्याही खाली आलो आणि भाषणं मात्र अजून स्फोटाची चालू आहेत.

आणि तात्यांचं ते "त्यांची"? १९९२-९३ मध्ये मुस्लिम बायकांची सरासरी ४.४ होती, हिंदूंची ३.३. २०१९-२१ च्या पाहणीत ती २.३६ आणि १.९४ झाली. तिकडची घट जास्त वेगाची आहे. बिहारमधल्या हिंदू बाईला सरासरीने केरळमधल्या मुस्लिम बाईपेक्षा जास्त मुलं होतात. धर्माने फरक पडत नाही असं मी म्हणत नाही, पण शाळा आणि दवाखाना त्याहून जास्त बोलतात. तात्या असते तर हे आकडे त्यांनी सरकारी म्हणून उडवून लावले असते. सरकार त्यांच्याच विचारांचं असूनसुद्धा!

गंमत म्हणजे वारं आता उलटं फिरलंय. कुटुंब आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा नको, म्हणून १९७६ मध्ये लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या शिरगणतीवर गोठवली गेली. ती मुदत २०२६ पर्यंत वाढवली. जनगणनेची तारीख ठरली आहे, १ मार्च २०२७, आणि दक्षिणेला धास्ती आहे की आपल्या वाट्याच्या जागा उत्तरेकडे जातील. २०२४ च्या ऑक्टोबरात आंध्रचे चंद्राबाबू जास्त मुलं होऊ द्या म्हणाले, तमिळनाडूच्या स्टालिन यांनी एका विवाह सोहळ्यात सोळा मुलांची गोष्ट काढली. डिसेंबरात नागपुरात सरसंघचालकांनी तीनचा आकडा सांगितला. दोन पक्ष, एक संघटना, तीन झेंडे, आणि सांगणारे तिघेही पुरुष.

आंध्रने निदान बोलण्याबरोबर कायदाही बदलला. दोन मुलांची अट स्थानिक निवडणुकीतून काढली. आपल्याकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत लढवता येत नाही. आमदार-खासदारांना मात्र अशी काही अट नाही. ठेवायचीच तर विधानसभेपासून ठेवा, नाहीतर खालूनही काढा. मी काढा म्हणणाऱ्यांतला आहे. गावात निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तिसऱ्यांदा मुलगा हवा म्हणून हटून बसणारे नवरा आणि सासू घरातच असतात, आणि अपात्रतेची नोटीस येते ती तिच्या नावाने.

नमस्कार.