दीडशे माणसांचं गणित

(मसाज आणि वेलनेसचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांसाठी कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. इथं बसलेल्यांपैकी कुणाचं दोन टेबलांचं सेंटर आहे, कुणी घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीची मालिश करतं, कुणी पार्लरच्या मागच्या खोलीत डोक्याचा आणि पायांचा मसाज सुरू केलाय. तक्रार मात्र सगळ्यांची एकच असते. रील टाकतो, लाईक येतात, गिऱ्हाईक येत नाही. म्हणून मोबाईल बाजूला ठेवून आधी गणित करू.

एक सेशन साठ मिनिटांचं. मग चादर बदलणं, टेबल पुसणं, भांडी धुणं, पुढच्या माणसाची विचारपूस, यात वीस मिनिटं जातात. म्हणजे एका माणसामागे ८० मिनिटं. सकाळी दहा ते संध्याकाळी सात या ५४० मिनिटांत जेवण धरून सहा सेशन बसतात, पण रोज सहा केली तर हातांचे अंगठे आणि मनगटं फार दिवस साथ देत नाहीत. चार धरा. दोन थेरपिस्ट, आठवड्याचे सहा दिवस : ४८ सेशन. नेहमीचं माणूस तीन आठवड्यांनी एकदा येत असेल, तर १४४ माणसांत तुमचं सेंटर भरलं. दीडशे धरा. ती दीडशे माणसं राजारामपुरी, ताराबाई पार्क, कळंबा, उचगाव इथंच राहतात. नागपूरच्या पन्नास हजार लोकांनी रील बघितली तरी त्यातलं एकही माणूस तुमच्या टेबलावर येणार नाही.

मग ही जवळची माणसं का येत नाहीत? अंगाला तेल लावणं या गावाला नवीन नाही. कुस्तीचं खासबाग मैदान ज्या गावात आहे, तिथल्या तालमीत लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू मिसळतात आणि मेहनत झाली की पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. बाळंतिणीची मालिश आणि शेक घराघरात होतो. दिवाळीच्या पहाटे आई सगळ्यांना तेल लावते. तरी पाटीवर ‘मसाज’ दिसलं की माणूस जिन्याशी थबकतो. हात कोण लावणार? कपडे किती काढायचे? खोली कशी आहे? पैसे किती, आणि आत गेल्यावर वाढवणार तर नाहीत? हे प्रश्न तोंडानं विचारायला लाज वाटते. तुमच्या पानावर त्यांची उत्तरं न विचारता मिळाली पाहिजेत. सोशल मीडियाचं मुख्य काम मला तरी हेच वाटतं.

सुरुवात गूगलच्या बिझनेस प्रोफाइलपासून, म्हणजे गूगलच्या नकाशावरच्या तुमच्या धंद्याच्या नोंदीपासून करा, इन्स्टाग्रामपासून नको. खांदा आखडलेला माणूस रील शोधत नाही, ‘जवळचा मसाज’ शोधतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणारा परगावचा माणूसही नकाशाच उघडतो. नाव पाटीवर आहे तेच टाका. ‘बेस्ट फुल बॉडी मसाज स्पा कोल्हापूर’ असं नावात कोंबलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. बऱ्याचदा व्हिडिओनं पडताळणी मागतात. तो व्हिडिओ न तोडता, एका दमात घ्यायचा : आधी रस्ता आणि शेजारची दुकानं, मग तुमची पाटी, मग चावीनं कुलूप उघडताना, मग आतलं टेबल आणि तेलाचं कपाट. घरी बसून फक्त पाटीचा फोटो दाखवला की नाकारतात. तुम्ही स्वतः घरोघरी जात असाल तर पत्ता लपवा आणि सेवा कुठे देता ते भाग लिहा, वीसपर्यंत देता येतात. वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात. त्यात ‘मसाज’ही लिहा आणि ‘मालिश’ही, कारण आजी एक शब्द शोधते आणि नात दुसरा.

रिव्ह्यू त्याच दिवशी मागा, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवून. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देऊ नका, गूगलचा नियम तसं करू देत नाही. वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना एक चूक फार होते. ‘तुमची कंबर आधीपासूनच दुखत होती’ असं लिहून आपण त्या माणसाचं दुखणं चारचौघांत उघडं करतो. ते वाचणारा दुसरा माणूस मग कधीच येत नाही. दोन ओळींत दिलगिरी व्यक्त करा, फोन करायला सांगा, बस्स.

व्हॉट्सॲप बिझनेस वेगळ्या नंबरवर ठेवा. घरचा नंबर पाटीवर टाकला की रात्री अकराला फोन येतात. कॅटलॉगमध्ये प्रत्येक सेवेचा दर, वेळ आणि ती कोण देतं हे लिहा. ‘महिलांसाठी महिला थेरपिस्ट’ ही ओळ पहिली. ‘ताई, दर काय हाय?’ या मेसेजला ‘कॉल करा’ असं उत्तर गेलं तर ते माणूस बहुधा गेलंच. झटपट उत्तरं आधीच तयार करून ठेवा : दर, पत्ता, पार्किंग, आणि चौथं उत्तर कपड्यांविषयी. ‘अंगावर पूर्ण वेळ चादर असते, ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवतो.’ हे वाक्य लिहायला अवघड वाटतं, पण बुकिंग वाढवायला याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पैसे घेताना ‘नंबर सेव्ह करून घ्या’ एवढं तोंडानं सांगा. रोज सुप्रभात पाठवलंत तर लोक ब्लॉक करतात आणि खातं अडचणीत येतं. महिन्यातून दोन मेसेज पुरे.

आता रील. रील धुरकट येण्याचं आपल्या धंद्यातलं मोठं कारण कॅमेरा नसतं, तेल असतं. मालिश केलेल्या बोटांनी फोन उचलला की लेन्सवर पातळ थर बसतो आणि सगळा व्हिडिओ दुधाळ दिसतो. आधी मऊ सुती कापडानं लेन्स पुसा. सकाळी खिडकीचा उजेड बाजूनं येईल असं टेबल फिरवा आणि खोलीतले दिवे बंद करा. पिवळा बल्ब आणि पांढरा उजेड एकत्र आले की कातडी आजारी दिसते, स्वस्त एलईडीखाली पडद्यावर पट्टे सरकतात. पंखा बंद, नाहीतर सावली फिरते. फोन उभा, टेबलाच्या उंचीला, स्टँडवर. पहिले तीन सेकंद गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली तेलाची वाटी. तेल थेट गॅसवर तापवलेलं दाखवू नका, आणि करूही नका. मग मनगटाच्या आतल्या बाजूवर एक थेंब टाकून ऊब बघणं. मग घडीची चादर झटकून पसरताना, तिच्या घड्या अजून दिसत असताना. शेवटी खांद्यावर हात. तो खांदा सहकाऱ्याचा असू द्या, गिऱ्हाईकाचा नको. गिऱ्हाईकाचा घ्यायचाच तर लेखी संमती घ्या, आणि त्यानं नंतर ‘काढा’ म्हटलं की त्याच दिवशी काढा. ही सगळी रील वीस सेकंदांत बसते.

अक्षरं पडद्याच्या मध्यावर ठेवा, खालचा भाग नाव आणि मजकुरानं झाकला जातो. काही ॲपमध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात, ‘स्वच्छ’चा पाय मोडतो. पोस्ट करण्याआधी दुसऱ्या फोनवर वाचून बघा. सिनेमाची गाणी व्यवसायाच्या खात्यावर सहसा वापरता येत नाहीत, आवाज बंद केला जातो. चादरीचा आणि पाण्याचा खराच आवाज ठेवा, या कामाला तोच शोभतो.

शब्दांबद्दल जरा कडक बोलतो. ‘संधिवात मुळापासून बरा’, ‘लकवा, मधुमेह, रक्तदाबावर रामबाण तेल’, ‘दहा दिवसांत लठ्ठपणा गायब’ असं लिहू नका. १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या यादीतल्या आजारांवर औषधाचा गुण सांगणारी जाहिरात करता येत नाही, आणि हे सगळे आजार त्या यादीत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, पायात रक्ताची गुठळी असलेला माणूस तुमची ओळ वाचून पोटरी रगडून घ्यायला आला तर जिवावर बेतू शकतं. ताप, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, एका पायाला अचानक आलेली सूज, सिझेरियन : ‘आधी डॉक्टरांना विचारा’ हे स्वतः होऊन लिहा. असं लिहिणाऱ्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात.

पैसे देऊन जाहिरात करायची तर पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण नुसतं दाबून सगळा महाराष्ट्र निवडू नका. नकाशावर सेंटरभोवती पाच-सात किलोमीटर आखा आणि बटण व्हॉट्सॲपचं ठेवा. ‘तुम्हाला कंबरदुखी आहे का?’ असा थेट बोट दाखवणारा प्रश्न आणि आधीचं-नंतरचं शरीर दाखवणारे फोटो मेटा, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकची कंपनी, नाकारू शकते. उघडी पाठ दिसली तरी मशीन ती जाहिरात अश्लील समजून अडवू शकतं. चादर, वाटी, हात, खोली एवढंच दाखवा. रोज २०० रुपये, पाच दिवस, म्हणजे १,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८०. त्यातून सहा माणसं प्रत्यक्ष आली तर एकामागे साधारण १९७ रुपये पडले. ती पुन्हा आली तरच हा खर्च वसूल. दुसऱ्या भेटीचा आकडा लिहिल्याशिवाय तिसरी जाहिरात देऊ नका.

नको ते मेसेज येतील. वाद घालू नका. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, आणि नव्या थेरपिस्ट मुलीला तो फोन एकटीनं सांभाळायला देऊ नका. कुणी लष्करातला अधिकारी असल्याचं सांगून ‘वीस जवानांचं बुकिंग आहे, ॲडव्हान्ससाठी क्यूआर स्कॅन करा’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम, दोन्ही खात्यांना टू-स्टेप पडताळणी, म्हणजे दुहेरी कुलूप, आजच लावा.

आणि काउंटरवर एक वही ठेवा. तारीख, नाव, ‘कुठून कळलं?’, पुन्हा कधी आले. चार रकाने. दोन महिन्यांनी ती उघडलीत आणि बहुतेक ओळींत ‘शेजारच्या काकूंनी सांगितलं’ असं दिसलं, तर पुढच्या रीलचे पैसे त्या काकूंसारख्या नेहमीच्या माणसांच्या चांगल्या चादरींवर घाला.