आबांचा तांब्या

नमस्कार मंडळी. आज आमच्या आबांबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर त्यांच्या तांब्याबद्दल.

आमचा सातारा जिल्हा. अपशिंगे तुम्ही ऐकलं असेल, मिलिटरी अपशिंगे म्हणतात त्याला, पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावातली ४६ माणसं कामी आली. आमचं गाव एवढं नावाजलेलं नाही, पण फौजी आमच्याकडेही भरपूर. आबा १९३९ ला भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी पलटण. तीच पलटण ज्यात पुढे माणगावकडच्या यशवंत घाडगेंना इटलीतल्या, जुलै १९४४ मधल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, तेव्हा ते जेमतेम २२ वर्षांचे.

आता सगळ्यांचे आजोबा म्हणे युद्धाबद्दल काही बोलायचे नाहीत, आमचे बोलायचे, पण भलतंच. बोटीवर किती ओकलो, इटलीत द्राक्षांचे मळे कसे, असलं.

आणि घरात पाण्यावरून भांडण. परड्यात विहीर, पावसाळ्यात तर हाताने पाणी काढावं एवढी भरलेली, तरी आबा अर्ध्या तांब्यात तोंड धुवायचे आणि पाहुण्याने पेला अर्धा ठेवला की तो उचलून स्वतः प्यायचे, सगळ्यांसमोर, आजीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती म्हणायची, विहीर काय रेशनवर मिळालीय का? आबा गप्प. एकदा चुलत्याने खेळता खेळता भरलेला तांब्या लवंडला तर पाठीत असा रट्टा बसला की तो आज सत्तरीतही सांगतो.

याच्या उलट मेडलचं. आफ्रिका स्टार म्हणून एक पितळी चांदणी होती, वाळूच्या रंगाची फीत, मधे लाल पट्टा. बाबा दहा वर्षांचे असताना बेंदराला त्यांनी ती बैलाच्या गळ्यात बांधली, का तर मिरवणुकीत बैल उठून दिसावा. संध्याकाळी बैल परत आला, चांदणी नाही. बाबा माळ्यावर लपून बसले. आबा म्हणाले, खाली ये, जेवून घे. बस एवढंच. तांब्याला रट्टा आणि मेडलला काहीच नाही, हे गणित घरात कोणाला सुटलं नाही.

आबा गेले तेव्हा दहाव्याला त्यांच्या पलटणीतले एक सुभेदार आले, काठी टेकत, एसटीने. त्यांनी केरनचं सांगितलं. पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातलं गाव, भोवती डोंगर, वर इटालियन सैन्य, आणि १५ मार्च १९४१ ला संध्याकाळी पिनॅकल नावाचा सुळका आपल्या पलटणीने घेतला, शिवाजी महाराजांचा जयजयकार करत. घेतला खरा, पण वर पाण्याचा थेंब नाही. दारूगोळा, खाणं, पाणी सगळं माणसांनी खालून वाहून आणायचं, उभा चढ, वरून गोळीबार. सुभेदार म्हणाले, पाणी घेऊन निघालेला माणूस वर पोचेलच असं काही नव्हतं, आणि पोचला नाही तर त्याचं पाणीपण गेलं. वर वाट बघणाऱ्यांत तुमचे आबा होते.

आजी माजघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं रडेल. ती चिडली. म्हणाली, मग हे मला सांगायला काय झालं होतं त्यांना, मी जन्मभर समजत होते यांना माझाच हात सैल वाटतो. आणि आत निघून गेली.

(बाबांचं बघाल तर ते अजून हॉटेलातून उरलेली पाण्याची बाटली घरी आणतात, आई कितीही ओरडो. ते काही केरनला गेले नव्हते.)

सुभेदार निघाले तेव्हा आजीनेच तांब्या भरून आणला. ते उभ्यानेच सगळं पाणी प्यायले आणि तांब्या हातावर उपडा करून तिला दाखवला. तिने पदर सावरला, म्हणाली, अजून घ्या, विहीर भरलीय.