कुलूप शाबूत, दार उघडं

दृश्य: चौकटीवरची धातूची पट्टी. स्क्रू ड्रायव्हर फिरतो. दोन स्क्रू तळहातावर पडतात.

हे दोन स्क्रू नीट बघा. लांबी जेमतेम 20 मिलिमीटर. किल्ली फिरवली की दारातून बोल्ट बाहेर येतो आणि चौकटीवरच्या ज्या पट्टीत शिरतो, ती स्ट्राइक प्लेट एवढ्याच आधारावर उभी असते. पट्टीमागचं लाकूड बोल्टसाठी भोक पाडताना आधीच पोकळ झालेलं.

बाहेरून कुणी कुलपाशेजारी जोरात लाथ घातली, तर सगळा मार इथे बसतो. बोल्ट वाकत नाही. किल्ली जिथे जाते त्या सिलिंडरवर ओरखडाही उठत नाही. लाकूड उभं चिरतं, पट्टी स्क्रूंसकट उपटून येते आणि दार आत जातं. नंतर येऊन पाहिलं तर कुलूप जसंच्या तसं. किल्ली घातली तर सुरळीत फिरेलसुद्धा.

घरासाठी कुलूप निवडायचं म्हटलं की आपण दुकानातल्या वजनदार, चकचकीत पेटीकडे हात घालतो. म्हणजे सुरुवातच चुकीच्या टोकाकडून. आधी चौकट, मग दाराची फळी आणि बिजागऱ्या, आणि त्यानंतर कुलूप, हा क्रम बरा. गॅरेज असेल तर तिथलं दार पहिल्या रांगेत.

दृश्य: 20 मिलिमीटरच्या स्क्रूशेजारी 75 मिलिमीटरचा स्क्रू.

चौकटीचा उपाय साधा आहे. आखूड स्क्रूंच्या जागी 75 मिलिमीटरचे स्क्रू लावायचे. ते चौकटीतून पार होऊन मागच्या भिंतीतल्या लाकडी खांबात रुततात. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल, तर त्याच कामासाठी चौकटीतून भिंतीत जाणारे अँकर मिळतात. पट्टीही लांब घ्यावी, चार-सहा स्क्रूंची, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. अर्ध्या तासाचं काम, आणि नव्या कुलपाच्या मानाने खर्च किरकोळ.

मग बोल्टकडे वळायचं. डेडबोल्ट म्हणजे स्प्रिंगशिवायचा, किल्लीने किंवा खटक्यानेच सरकणारा बोल्ट. चांगला डेडबोल्ट 25 मिलिमीटर तरी बाहेर येतो. पण चौकटीतलं भोक उथळ राहिलं असेल तर तो अर्ध्यातच अडतो, आणि अर्धवट बाहेर आलेला डेडबोल्ट मागे ढकलला जाऊ शकतो. तपासायला सोपं आहे. दार उघडं ठेवून किल्ली फिरवा, मग दार लावून फिरवा. दोन्ही वेळा ती सारखीच फिरली पाहिजे. दार लावल्यावर कमी फिरत असेल, तर भोक कोरून खोल करायला हवं.

लॅचची गोष्ट वेगळी. त्याला उतरती कड असते आणि मागे स्प्रिंग. दार ओढून घेतलं की तो आपसूक अडकतो. सोयीला उत्तम, पण सुरक्षेचा भार त्याच्यावर टाकू नये, कारण ज्या कडेवरून तो आत सरकतो त्याच कडेला प्लास्टिकची लवचीक पट्टी लागली तरी तो आत सरकतो. यावर तोड म्हणून बऱ्याच लॅचना शेजारी एक बारीक खुंटी दिलेली असते. दार बंद झालं की ही खुंटी स्ट्राइक प्लेटवर दाबलेली राहते आणि ती दाबलेली असेपर्यंत लॅच मागे जात नाही. रचना हुशारीची आहे. पण प्लेटचं भोक जरा मोठं असलं, किंवा दार कालांतराने थोडं खाली बसलं, की खुंटीही लॅचसोबत भोकात पडते. मग ती असून नसल्यासारखी. बाहेरून काहीच कळत नाही.

फळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आतून पोकळ असलेली फळी बेडरूमला ठीक, बाहेरच्या दाराला नाही. भरीव लाकूड किंवा पोलादी दार, साधारण 44 मिलिमीटर जाडीचं, हा नेहमीचा हिशोब. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर राहतात. तिथे न निघणाऱ्या पिनांच्या बिजागऱ्या लावाव्यात, किंवा दार मिटलं की बिजागरीच्या बाजूनेही चौकटीत शिरणारे पक्के खुंट बसवावेत. नाहीतर कुलूप एकीकडे राहतं आणि दार दुसरीकडून निघतं.

दृश्य: उभं कापलेलं सिलिंडर. किल्ली हळूहळू आत सरकते, पिना वर-खाली होतात.

आता कुलपाच्या पोटात शिरू. मधला गोल फिरणारा भाग म्हणजे गाभा, भोवती स्थिर कवच. वरून पाच भोकं पाडलेली, प्रत्येकात एकावर एक दोन पिना आणि डोक्यावर स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरच्या पिना गाभा आणि कवच यांच्या सीमेवर आडव्या येतात, म्हणून गाभा हलत नाही. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक जोडीला नेमकं तेवढंच उचलतात की दोन पिनांमधला सांधा बरोबर सीमेवर येतो. पाचही सांधे एका रेषेत आले की गाभा मोकळा. खुंट्या उचलून कुलूप उघडायची ही कल्पना फार जुनी आहे, प्राचीन इजिप्तमध्ये ती लाकडात होती. धातूच्या छोट्या सिलिंडरमध्ये ती बसवली अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येल यांनी, 1860 च्या दशकात. आज जगभरच्या दारांत बहुतांशी तेच यंत्र आहे.

पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंची धरल्या तर किल्ल्यांच्या 7,776 जुळण्या होतात. सहावी पिन वाढवली की 46,656. वेष्टनावर असे आकडे मोठ्या टायपात छापलेले असतात, पण त्यांनी हुरळून जाऊ नये. कुलूप उघडणारा एकेक किल्ली लावून बघत बसत नाही. तो पिनांशी थेट व्यवहार करतो, नाहीतर सिलिंडरच मोडतो.

दृश्य: जुनं रेखाचित्र. लंडन, 1851.

इंग्रज संशोधक जोसेफ ब्रामा यांनी 1784 साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे त्यांच्या कंपनीने असं एक कुलूप दुकानाच्या काचेत ठेवलं आणि जाहीर केलं की जो हे किल्लीशिवाय उघडेल त्याला 200 गिनी बक्षीस. साठ वर्षं कुणाला जमलं नाही. 1851 च्या भव्य प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ लंडनला आला. त्याने आधी चब कंपनीचं तितकंच नावाजलेलं कुलूप साधारण 25 मिनिटांत उघडलं, आणि मग ब्रामांचं. त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले.

ही हकीकत सहसा ‘कुठलंच कुलूप अभेद्य नसतं’ असं सांगायला वापरतात. मला त्यातला 51 तासांचा आकडा जास्त मोलाचा वाटतो. दारापाशी उभ्या असलेल्या चोराकडे मिनिटं असतात, आणि कुलूप विकत घेतो म्हणजे आपण ती मिनिटंच विकत घेतो. आजची मानकंही हेच मोजतात. युरोपातल्या ईएन 1627 या मानकात दारांचे आरसी 1 ते आरसी 6 असे वर्ग आहेत. ठरावीक हत्यारांपुढे आरसी 2 च्या दाराने 3 मिनिटं टिकायचं, आरसी 3 च्या दाराने 5. आणि परीक्षेला बसतं ते अख्खं दार, चौकट आणि बिजागऱ्यांसकट. नुसतं कुलूप नव्हे.

मानकांचे आकडे वाचताना एक घोळ मात्र हमखास होतो. अमेरिकी पद्धतीत ग्रेड 1 म्हणजे सर्वांत मजबूत आणि ग्रेड 3 सर्वांत साधं. युरोपात लटकत्या कुलपांच्या ईएन 12320 मध्ये उलटं आहे: ग्रेड 1 सर्वांत साधं, ग्रेड 6 सर्वांत मजबूत. नुसता ‘ग्रेड 1’ वाचून खूश व्हायचं कारण नाही, कुठल्या मानकाचा ते बघावं.

दृश्य: दाराच्या बाहेरच्या हँडलमधून पुढे आलेलं सिलिंडर, अगदी जवळून.

युरोपीय घडणीचं सिलिंडर अनेक दारांत असतं, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं. ते धरून ठेवणारा स्क्रू मधोमध आरपार जातो, आणि बोल्ट फिरवणाऱ्या भागासाठी खाचही तिथेच. म्हणजे धातू सगळ्यात कमी उरतो तो ऐन मध्यावर. बाहेरचं टोक पकडून जोर लावला की सिलिंडर तिथेच तुटतं. हँडलच्या पट्टीपासून ते 3 मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आलेलं नसावं, म्हणजे पकडायला जागाच राहत नाही. नवीन घेताना तोडण्याला प्रतिकार करणारं मागा. त्यात बाहेरच्या बाजूला मुद्दाम एक कमजोर रेषा ठेवलेली असते. पुढचं टोक तुटून पडतं आणि बाकीचं कुलूप दारात घट्ट राहतं. ब्रिटनमध्ये अशा सिलिंडरवर टीएस 007 या मानकाचे तारे असतात, तीन तारे म्हणजे सर्वांत वरचा दर्जा.

किल्ली हाही कुलपाचाच भाग. 2008 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी सुमारे 60 मीटर दूरच्या गच्चीवरून टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचे फोटो काढले, आणि संगणकाने त्यांच्या दात्यांची मापं काढून दाखवली. नव्या घराच्या किल्लीचा फोटो हौसेने सगळ्यांना दाखवणाऱ्यांनी याचा विचार करावा. वापरलेलं घर घेतलं असेल तर जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत हे कधीच कळत नाही. पूर्ण कुलूप बदलायची गरज नाही, आतल्या पिना बदलून नवी किल्ली करता येते.

अंकांचं कुलूप घेतलं तर किल्लीची भानगड संपते आणि बटणांची सुरू होते. चार अंकांचे 10,000 संकेत होतात. पण तोच संकेत वर्षभर दाबला की चार बटणं झिजून चमकू लागतात, आणि कुठली चार ते कळलं की उरतात फक्त 24. गंमत म्हणजे एक अंक दोनदा वापरलात तर चमकतात तीनच बटणं, पण शक्यता होतात 36. तरी खरा उपाय संकेत अधूनमधून बदलत राहण्याचा. फोनवर उघडणाऱ्या कुलपांनाही पर्यायी किल्लीचं भोक बहुधा असतंच. त्या भोकामागचं सिलिंडर साधं असेल तर पुढची सगळी हुशारी वाया.

दृश्य: गॅरेजचं दार उघडतं. भिंतीला टेकवलेली शिडी, पहार, कटावणी, हातोड्या.

आणि हे गॅरेज. घराच्या मुख्य दाराला तीन बोल्ट, आणि इथे एक बारीकसं कुलूप. आत शिडी, पहार, कटावणी. घर फोडायची हत्यारं आपणच मांडून ठेवलेली. एकदा आत शिरून दार ओढून घेतलं की रस्त्यावरून काही दिसत नाही. घरात उघडणाऱ्या आतल्या दाराशी मग कितीही वेळ घालवता येतो. आधी म्हटलेला मिनिटांचा हिशोब इथे साफ कोलमडतो. म्हणून गॅरेजमधून घरात जाणारं दार हे बाहेरचंच दार मानायचं: भरीव फळी, डेडबोल्ट, लांब स्क्रू, सगळं. ‘ते तर आतलं दार’ म्हणून तिथे नुसता लॅच असतो, आणि तोही दिवसभर न लावलेला.

मोठ्या दाराचं मोटरवर चालणारं यंत्र असेल, तर छताजवळ एक दोरी लोंबताना दिसेल. वीज गेली किंवा कुणी अडकलं तर ती ओढून दार मोटरपासून सोडवायचं. दाराच्या वरच्या कडेला फट असेल तर बाहेरून वाकवलेल्या तारेने तीच दोरी ओढता येते. त्यासाठी दोरीच्या खटक्यावर बसणारं आवरण मिळतं, ते लावावं. फटीला रबरी पट्टी ठोकावी. दोरी मात्र काढून टाकू नये, ती आतल्या माणसाच्या जिवासाठी आहे.

रिमोटचं वयही बघा. जुने रिमोट दर वेळी तोच ठरलेला संकेत पाठवतात. बारा बिटांच्या, म्हणजे 0 किंवा 1 अशा बारा घरांच्या, संकेताच्या शक्यता होतात केवळ 4,096. 2015 मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून असे संकेत 10 सेकंदांच्या आत संपवून दाखवले. नंतरच्या यंत्रांत संकेत दर वेळी बदलतो. रिमोटच्या आत छोट्या खटक्यांची ओळ दिसली, तर तो बहुधा जुन्या पिढीतला. आणि रिमोट कोणताही असो, रस्त्यावर उभ्या गाडीत काचेला अडकवून ठेवणं म्हणजे घराची किल्ली पायपुसण्यावर ठेवणं.

शटर असेल तर त्याचं मधलं एकच कुलूप कमी पडतं. दोन्ही कडांना खालच्या बाजूला बोल्ट हवेत, म्हणजे कोपरा उचकटून वर करता येत नाही. कडी-कोयंडा लावायचा तर असा, की मिटल्यावर त्याचे सगळे स्क्रू झाकले जातील. स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट असतील तर अधिक चांगलं. लटकतं कुलूप घेताना त्याच्या कडीकडे बघा. खांदे उंच असलेली, कडीचा जेमतेम तुकडा उघडा ठेवणारी घडण घ्यावी, म्हणजे कातरीचे जबडे आत शिरत नाहीत.

शेवटी आतून बाहेर पडण्याचं. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा डेडबोल्ट काचेच्या दाराला शहाणपणाचा वाटतो, कारण काच फोडून हात घातला तरी आतून उघडत नाही. पण रात्री धूर भरला आणि किल्ली कुठल्या खुंटीवर आहे हे आठवेना, तर तोच बोल्ट घरच्यांना कोंडतो. तिथे दाराची काच बदलून लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली, बसवावी, ती तडकली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात, आणि बोल्टला आतून हाताने फिरवायचा खटका ठेवावा. गॅरेजच्या मोटरचा वीजपुरवठा बंद करून, आत उभं राहून ती दोरी एकदा ओढून बघा. दार हाताने उचलता आलं पाहिजे, घरातल्या लहानथोर प्रत्येकाला नसलं तरी निदान दोघांना. ते जमिनीवरून हलतच नसेल, तर आधी दार तोलणाऱ्या स्प्रिंगची दुरुस्ती करून घ्या, तीही जाणकार माणसाकडून. या स्प्रिंगमध्ये भयंकर ताण असतो, तिथे स्वतः पाना लावू नये.