लाकडी फळ्यांमधून उगवलेलं जंगल : अतिवास्तववादी चित्रकलेची ओळख

[दृश्य : पहिल्या महायुद्धातले खंदक, कृष्णधवल छायाचित्रं]

१९१६. फ्रान्समधलं सँ-दिझिए. आघाडीवरून मनानं खचून परतलेल्या सैनिकांवर इथल्या लष्करी केंद्रात उपचार चालतात. आंद्रे ब्रेतों नावाचा विशीतला वैद्यकीय विद्यार्थी इथे कामाला आहे. एक सैनिक त्याला ठामपणे सांगतो, हे युद्ध खोटं आहे. तोफगोळे नकली, जखमा रंगवलेल्या. आपल्याला फसवण्यासाठी मांडलेला हा सगळा देखावा आहे. या खात्रीवर तो खंदकाच्या कठड्यावर उभा राहायचा आणि डोक्यावरून जाणारे गोळे बोटानं दाखवायचा.

कागदोपत्री हा माणूस वेडा होता. पण ज्यांनी लाखो तरुण पोरांना चिखलात मरायला पाठवलं, ते सगळे शहाणे ठरले होते. ब्रेतोंच्या मनातून ही गोष्ट कधी गेली नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या विचारांशी त्याची ओळखही इथेच झाली. रुग्णांना स्वप्नं विचारायची, मनात येईल ते अडवून न धरता बोलू द्यायचं, आणि त्या बोलण्यात जे उघडं पडतं ते टिपून ठेवायचं. पुढे त्यानं हीच रीत कवितेला लावली.

ऑक्टोबर १९२४ मध्ये पॅरिसमध्ये त्यानं लिहिलेला अतिवास्तववादाचा जाहीरनामा निघाला. स्वप्न आणि जाग ही दोन परस्परविरोधी वाटणारी राज्यं एक दिवस एकरूप होतील आणि त्यातून अधिक खरं वास्तव उभं राहील, असा ब्रेतोंचा विश्वास होता. त्याच महिन्यात ग्रेनेल रस्त्यावर ब्रेतों आणि त्याच्या सोबत्यांनी एक कचेरी उघडली. कुणीही यावं आणि आपली स्वप्नं सांगावीत, असं खुलं आमंत्रण होतं.

आज अतिवास्तववाद म्हटलं की डोळ्यांसमोर चित्रं येतात. त्या जाहीरनाम्यात मात्र चित्रकारांची नावं एका तळटीपेत आली होती, एवढंच. चळवळ कवींची होती. शब्द भराभर कागदावर उतरवता येतात, विचाराला आड यायची संधीच मिळत नाही. चित्राचं तसं नसतं. रंग कालवायचे, कॅनव्हास ताणायचा, मागे सरकून बघायचं, पुन्हा ब्रश उचलायचा. एवढ्या वेळात मनाचा पहारेकरी जागा होणारच. म्हणून अतिवास्तव चित्रकला मुळात शक्यच नाही, असं चळवळीतल्याच काही जणांनी १९२५ मध्ये बोलून दाखवलं. हा आक्षेप पोकळ नव्हता. त्याला खरं उत्तर चित्रकारांनी हातानं दिलं, आणि माझ्या मते या चळवळीचा सगळा थरार त्या उत्तरांमध्ये आहे.

[दृश्य : जुन्या लाकडी फळ्या, अगदी जवळून. शिरा, गाठी, भेगा]

मॅक्स अर्न्स्ट जर्मन होता. युद्धात तो तोफखान्यात होता. पुढे त्याचा जिवलग मित्र झालेला फ्रेंच कवी पॉल एल्युआर तेव्हा शत्रूच्या बाजूनं लढत होता. मॅक्स अर्न्स्ट १ ऑगस्ट १९१४ रोजी मरण पावला आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पुन्हा जिवंत झाला, असं त्यानं स्वतःबद्दल लिहून ठेवलंय.

ऑगस्ट १९२५. अर्न्स्ट फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोर्निक इथे एका खाणावळीत उतरला होता. बाहेर पाऊस, त्यामुळे खोलीतच बसून राहणं आलं. पायाखालच्या फळ्या घासून घासून झिजल्या होत्या आणि त्यांच्यातल्या शिरा वर आल्या होत्या. त्यावरून त्याची नजर हलेना. त्यानं कागद घेतले, जमिनीवर जिथे पडतील तिथे पडू दिले आणि वरून काळ्या शिशाची कांडी घासायला सुरुवात केली. लाकडाच्या रेषा कागदावर उमटल्या. त्याला त्यात जंगलं दिसू लागली, पक्षी, समुद्र, कुणाचे तरी डोळे. मग पानं, गोणपाट, रिळाचा दोरा, जे हाती लागेल ते कागदाखाली गेलं. या घर्षणचित्रांपैकी ३४ चित्रांचा संच १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला.

यात चित्रकार करतो काय? तो रेघ ओढत नाही. रेघ आधीच तिथे असते. त्याचं काम बघण्याचं, ओळखण्याचं आणि कुठे थांबायचं ते ठरवण्याचं. चित्रकाराच्या प्रतिभेबद्दलची जुनी कल्पनाच अर्न्स्टनं त्या खोलीत मोडीत काढली.

आंद्रे मासों १९१७ मध्ये आघाडीवर छातीत गोळी लागून मरता मरता वाचला होता. त्यानं कॅनव्हासवर डिंक हवा तसा ओघळू दिला, त्यावर वाळू फेकली, आणि जी वाळू चिकटून राहिली तिच्या भोवतीनं रेषा फिरवल्या. वाळूत मासे दिसले, झुंजणारी शरीरं दिसली. बार्सिलोनाहून आलेला जोआन मिरो सांगायचा की तेव्हा खायची भ्रांत होती आणि भुकेल्या पोटी भिंतीकडे बघत बसलं की आकार दिसायचे, ते आपण वहीत उतरवून घ्यायचो. मित्रमंडळी जमली की कागदाला घड्या घालून खेळ चाले. एकानं डोकं काढायचं, घडी घालून पुढच्याकडे द्यायचं, त्यानं न बघता धड जोडायचं. कागद उलगडला की कुणाच्याच डोक्यात नसलेला प्राणी समोर उभा राही.

[दृश्य : पांढऱ्या भिंतीवर टांगलेलं एक लहानसं चित्र. कॅमेरा सावकाश जवळ जातो]

दुसरी वाट याच्या अगदी उलटी. हात सैल सोडायचा नाही, उलट फोटोइतकं काटेकोर काढायचं, आणि बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची.

साल्वादोर दालीचं ‘स्मृतीचं सातत्य’ १९३१ चं. ती वितळणारी घड्याळं टी-शर्टवर, पोस्टरवर, मोबाइलच्या कव्हरवर आपण इतकी पाहिली आहेत की मूळ चित्र भिंतभर मोठं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, कचेरीतल्या नेहमीच्या कागदाहून जेमतेम मोठं. वर उजव्या बाजूला समुद्रकाठचे उंच कडे दिसतात ते कल्पनेतले नाहीत. स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या किनाऱ्यावर दालीच्या घराजवळ ते आजही तसेच आहेत. घड्याळं चार. तीन लोळागोळा झालेली. चौथं नारिंगी, बंद झाकणाचं, तेवढं घट्ट आहे, आणि नेमकं त्यालाच मुंग्या लागल्या आहेत. एका रात्री डोकं दुखत असताना जेवणाच्या टेबलावरचं कामाँबेर चीज पाघळताना दिसलं आणि तयार असलेल्या निसर्गचित्रात घड्याळं आली, असं दाली सांगत असे.

दालीचा आपल्याकडेही एक धागा आहे. १९६७ मध्ये त्यानं एअर इंडियासाठी चिनी मातीचं ॲशट्रे घडवलं. त्याच्या पायांशी हंस आहेत. ते उलटं धरा, त्याच हंसांचे हत्ती होतात. मोबदल्यात त्यानं हत्तीचं पिल्लू मागितलं आणि ते खरंच स्पेनला पाठवण्यात आलं. असल्या किश्शांमुळे दाली घरोघरी पोचला. पण त्याच्या मिशांकडे आणि स्वतःची जाहिरात करण्याच्या हौसेकडे बघताना त्याचे बाकीचे सोबती झाकले गेले, याचं मला वाईट वाटतं.

रने माग्रितचंच बघा. ब्रुसेल्सच्या एका उपनगरात भाड्याचं साधं घर, स्वतंत्र स्टुडिओ नाही. सूट घालून तो जेवणाच्या खोलीत चित्रं काढायचा. १९३८ च्या एका चित्रात रिकामी खोली आहे, संगमरवरी शेकोटी आहे, आणि शेकोटीच्या आतून रेल्वेचं इंजिन बाहेर येतंय. त्याचा धूर रीतसर धुरांड्यातून वर चाललाय. वर आरसा, आरशापुढे एक घड्याळ आणि दोन मेणबत्तीदान. आता आरशात नीट बघा. घड्याळ दिसतं, मेणबत्तीदान मात्र एकच. इंजिनाकडे सगळेच बघतात. मला विचाराल तर खरा हादरा त्या आरशात आहे.

[दृश्य : डोळे मिटलेल्या पुरुषांची सोळा छायाचित्रं, मध्ये एका विवस्त्र स्त्रीचं चित्र]

डिसेंबर १९२९ मध्ये चळवळीच्या नियतकालिकात हे पान छापलं गेलं. मधली स्त्री माग्रितनं रंगवलेली. भोवतीनं चळवळीतले पुरुष, सगळे डोळे मिटून. माणसाला मोकळं करायला निघालेल्या या मंडळींना स्त्री हवी होती ती स्वप्नातली, प्रेरणा देणारी. तिच्या हातात ब्रश असू शकतो हे त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही.

लिओनोरा कॅरिंग्टन इंग्लंडमधल्या श्रीमंत घरातली. विशीत घर सोडून ती अर्न्स्टबरोबर फ्रान्सला आली. तेव्हाचं तिचं स्वचित्र न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात आहे. घोडेस्वाराची पांढरी विजार, वाऱ्यावर उडावेत तसे केस, समोर दुधानं भरलेली तरसाची मादी. मागे भिंतीवर खेळण्यातला पांढरा घोडा अधांतरी, आणि खिडकीबाहेर एक जिवंत घोडा चौखूर उधळलेला. आपण कुणाची प्रेरणा वगैरे नव्हतो, त्याला वेळच नव्हता, असं ती पुढे स्पष्ट सांगायची.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि अर्न्स्टला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत डांबलं. लिओनोरा स्पेनला पळाली, तिथे तिचं मन ढासळलं आणि सांतांदेरच्या मनोरुग्णालयात तिला झटके आणणारी इंजेक्शनं देण्यात आली. चळवळीतल्या पुरुषांनी वेडाचं मोठं गुणगान केलं होतं. तिनं ते भोगलं, आणि त्यावर रोखठोक लिहिलं.

तिथून सुटून ती मेक्सिको सिटीला पोचली. तिथे तिला जिवाभावाची मैत्रीण मिळाली, स्पेनमधून परागंदा झालेली रेमेदिओस वारो. रेमेदिओसचे वडील जलअभियंता, रेखनाची शिस्त तिला त्यांच्याकडूनच मिळालेली. तिच्या १९५७ च्या ‘पक्ष्यांची निर्मिती’ या चित्रात घुबडासारखी पिसं असलेली एक बाई टेबलाशी बसली आहे. तिच्या एका हातात त्रिकोणी भिंग, त्यातून ताऱ्याचा प्रकाश कागदावर पडतोय. दुसऱ्या हातातला ब्रश तिच्या गळ्यातल्या व्हायोलिनला जोडलेला. बाजूला अंड्याच्या आकाराचं यंत्र रंग गाळून देतंय. कागदावरचे पक्षी पूर्ण होताच खिडकीकडे झेपावतात. अर्न्स्टचा योगायोग आणि दालीचा काटेकोरपणा या दोन्ही वाटा इथे एकत्र येतात, असं मला वाटतं. इथे स्वप्न बघणारी बाई काम करते आहे, अवजारं नीट लावून.

रेमेदिओस १९६३ मध्ये गेली. लिओनोरा २०११ पर्यंत, वयाच्या ९४ व्या वर्षापर्यंत जगली. चित्रांचा अर्थ विचारणाऱ्यांना ती शेवटपर्यंत झटकून टाकायची. २०२४ मध्ये, जाहीरनाम्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात मोठं प्रदर्शन भरलं. मध्यभागी ब्रेतोंचं मूळ हस्तलिखित होतं, आणि भोवतीच्या दालनांत या दोघींची चित्रं अर्न्स्ट, दाली आणि माग्रितच्या बरोबरीनं लागली होती.