आधी हात बघा, मग फळ

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर व्हर्मेर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या चित्रातलं पीच छापलंय. येतो तिकडे. आधी द्राक्षं.

जुन्या युरोपीय चित्रांत सफरचंद म्हणजे आदिपाप, डाळिंब म्हणजे पुनरुत्थान, सोललेलं लिंबू म्हणजे दिसायला गोड आणि चवीला आंबट. ही कोष्टकं आता सगळ्यांच्या फोनवर आहेत. चित्राकडे पाठ करून ती वाचणारे दिसले की माझं डोकं फिरतं. कुठलं फळ आहे हे नंतर बघा. ते धरलंय कसं?

सतराव्या शतकातल्या डच कुटुंबचित्रांत बाई चिमटीत घडाचा देठ धरून बसलेली दिसते. खाताना असं कोण धरतं? याकोब काट्स या कवीनं १६१८ मध्ये कुमारिकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात याचा खुलासा आहे: मण्याला हात लागला की त्यावरची पांढुरकी लव, म्हणजे कौमार्य, गेली, म्हणून घड देठानंच उचलावा, आणि देठ म्हणजे विवाह. डच कलाइतिहासकार एडी द योंग यांनी १९७४ मध्ये या कवितेची आणि चित्रांची सांगड घातली. 'चार पोरांची आई, तिचं कसलं कौमार्य?' हसा, पण शंका रास्त आहे. उत्तर असं की संसारातली निष्ठाही त्याच पावित्र्यात मोजली जायची. शिवाय बायबलच्या १२८व्या स्तोत्रात पत्नीला फळलेली द्राक्षवेल म्हटलंय.

नाशिककडून आलेल्यांना लव समजावायला नको. पॅकहाउसमध्येही घड देठालाच धरतात. बोटं लागली की मेणाचा थर पुसतो आणि ताजा माल हाताळलेला दिसतो. चित्रकाराचं कामही इथेच अडतं. आधी मण्याचा गडद रंग द्यायचा, मग सावलीच्या कडेला आतून उजळणारा प्रकाश, तो सुकला की वर निळसर करड्याचा अगदी विरळ हात, आणि चमकेचा ठिपका शेवटी. लव सगळीकडे सारखी फासली की मणी प्लॅस्टिकचे होतात. खालचा थर ओला असताना घाई केली तर चिखल.

घड्याळ दाखवताहेत. बरं, पीच. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयातलं व्हर्मेरचं चित्र, साधारण १६५७ ते ५९. खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी, पुढे कलंडलेली चिनी थाळी, सफरचंदं, पीचं, त्यातलं एक अर्धं कापलेलं, बी उघडी. मागची भिंत कोरी होती तोवर या फळांवरून 'चोरटं प्रेम' हा अर्थ सर्रास लावला जायचा. १९७९ च्या क्ष-किरण तपासणीत भिंतीवर मदनाचं चित्र सापडलं. व्हर्मेरनंच ते झाकलं असं सगळे धरून चालले. पुढच्या तपासणीत मूळ रंग आणि वरचा थर यांच्यामध्ये व्हार्निश आणि धूळ निघाली, म्हणजे मदन झाकला तो व्हर्मेरच्या पश्चात, दुसऱ्याच कुणीतरी. २०२१ मध्ये तो पूर्ण मोकळा झाला: मुखवटे पायाखाली तुडवणारा, म्हणजे कपटावर मात करणारं खरं प्रेम. थाळी तीच, पीच तेच, कोष्टकातला अर्थ मात्र आता बसत नाही.

लिंबाचं राहिलंच. चहाच्या वेळी विचारा.