माळावरची आडनावं

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज जरा वेगळाच विषय घेऊन बसलोय, आडनावांचा. पण आपल्या नाही हं, युरोपातल्या आडनावांचा, आणि त्यातही एकाच जातीच्या, माळावरून पडलेल्या.

सुरुवात क्रिकेटने करतो म्हणजे कोणी स्टेशन बदलणार नाही. फेब्रुवारी 1990, क्राइस्टचर्च, न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीने टेस्टमधली 400वी विकेट घेतली, जगात पहिल्यांदाच कोणीतरी तिथे पोचलं होतं. आणि बोल्ड कोण झाला? आपला संजय मांजरेकर. आमचे वडील आजही ही गोष्ट अशी सांगतात जणू घरातल्याच कोणाचं पाकीट मारून नेलंय. त्याआधी 1988 मधे बंगलोरला अरुण लालला काढून याच हॅडलीने 374वी विकेट घेतली होती आणि बोथमचा रेकॉर्ड मोडला होता, म्हणजे दोन्ही वेळेला बकरा आपलाच.

तर आता गंमत ऐका. हॅडली हे आडनाव हॅडली नावाच्या गावांवरून आलंय, इंग्लंडमधे अशी बरीच गावं आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या नावात जुन्या इंग्रजीतले दोन शब्द दडलेत. एक हीथ, आणि दुसरा ली, म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. क्रिकेटवाल्याने शेवटी डबल ई लावलाय एवढंच. शाळेत भूगोलात हॅडली सेल शिकलेलं कोणाला आठवतंय का, विषुववृत्तापाशी गरम हवा वर जाते आणि तीस अंशांच्या आसपास खाली उतरते ते? ते ज्या जॉर्ज हॅडलीच्या नावाने आहे, ज्याने 1735 मधे व्यापारी वाऱ्यांचं कोडं सोडवायचा प्रयत्न केला, त्याचंही आडनाव तेच.

आता हीथ म्हणजे काय हे सांगायला मराठीत एकच एक शब्द नाहीये, माळरान म्हणा, कोकणातले लोक सडा म्हणतील, पण तसं अगदी नाही. वाळूची, आंबट, निकस जमीन, झाडं जवळपास नाहीतच, आणि सगळीकडे ढोपरभर उंचीची झुडपं, ज्यांना ऑगस्ट सप्टेंबरमधे जांभळी फुलं येतात आणि सगळा माळ जांभळा होऊन जातो. आपलं कास पठार डोळ्यासमोर आणा पण झुडपं वेगळी, थंडी वेगळी, आणि पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही तर नुसता पिरपिरत राहतो.

अशा जमिनीवर राहतो कोण? ज्याला चांगली जमीन मिळाली नाही तो. मला या आडनावांमधे हेच सगळ्यात आवडतं, की ती बहुतेक माणसाने स्वतः घेतलेली नाहीत, गावाने चिकटवलेली आहेत. गावात चार पीटर असतील तर तो कुठला पीटर, तर माळाकडचा पीटर. माळावर राहणारे सगळेच माळावरचे असतात, तिथे कोण कोणाला माळवाला म्हणणार, ते नाव लागतं माळ सोडून गावात आल्यावर किंवा गावाच्या कडेला राहिल्यावर. पुण्यात राहणाऱ्यालाच सातारकर म्हणतात ना, साताऱ्यात नाही, तसंच हे.

हॉलंडमधे हे आडनाव आहे फान डर हाइडे किंवा फान डर हाइडेन. फान डर म्हणजे सरळ आपला कर, फक्त आपण शेपटीला लावतो आणि ते डोक्याला लावतात. बेल्जियमकडे घाईघाईत त्याचं फेरहाइयेन झालं. आणि उत्तरेला फ्रीसलंडमधे तर शेपटीलाच स्त्रा लावतात, कॉम्प्युटरवाल्यांना डाइकस्त्राचा अल्गोरिदम माहितीये, ते डाइकस्त्रा म्हणजे बांधावरचे, बांधकर म्हणा हवं तर. 1811 मधे हॉलंड देश नेपोलियनच्या राज्यात होता तेव्हा फर्मान निघालं की प्रत्येकाने कायमचं आडनाव नोंदवा, बऱ्याच जणांकडे ते आधीच होतं पण उत्तरेकडच्या कितीतरी लोकांकडे नव्हतं, ते नुसते अमक्याचा मुलगा तमका म्हणून चालवत होते, मग ऑफिसात जाऊन काय लिहिणार, दारासमोर जे दिसतं ते.

यातला एक माणूस मला फार आवडतो, यान फान डर हाइडेन, सतराव्या शतकातला चित्रकार. शहरांची चित्रं काढायचा, पण याच माणसाने अॅमस्टरडॅमच्या रस्त्यांवर तेलाच्या दिव्यांची योजना बसवली, 1669 मधे, आणि थोड्या वर्षांनी आग विझवायच्या पंपाला चामड्याचा लवचिक पाइप लावला. म्हणजे आडनाव ओसाड माळाचं आणि उजेड पाडला शहरात.

बरं, हा माळ नैसर्गिक आहे असं वाटत असेल तर तसं नाहीये हां, बराचसा माणसांनीच केलेला आहे. आधी तिथे जंगल होतं, ते तोडलं जाळलं, मग मेंढ्या सोडल्या, झाडाचं पिल्लू वर आलं की मेंढीने खाल्लं, की झाला माळ. आणि हॉलंड नि उत्तर जर्मनीत तर शेतकरी जड कुदळीने माळावरच्या झुडपांसकट मातीची ढेकळं कापून आणायचे, मेंढ्यांच्या गोठ्यात अंथरायचे, वर मेंढ्या बसवायच्या, आणि पुरेसं लेंडीखत मुरलं की ते सगळं उचलून राय नावाच्या धान्याच्या शेतात. आपल्याकडे धनगरांना बोलवून शेतात मेंढरं बसवतात ना, तोच हिशोब, फक्त तिथे शेत मेंढरांकडे जायचं. शेकडो वर्षं हे केल्यामुळे काही शेतं हातभर दोन हात उंच झालीत, आजही खणलं की ती काळी जाड माती लागते. आणि माळ तेवढा आणखी भिकारडा होत गेला.

जर्मनीत हाइडे शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक माळ आणि दुसरा ख्रिश्चन न झालेला माणूस. इंग्रजीतही हीथ आणि हीदन. बरेच जण म्हणतात की नवा धर्म आधी शहरात पोचला आणि माळावरचे जुनेच देव धरून बसले म्हणून तसं झालं, यावर भाषावाल्यांची भांडणं आहेत, पण आपल्याला ते पटकन समजतं कारण आपणही रानावरून रानटी केलंच की.

फ्रान्समधे माळाला लांद म्हणतात, त्यावरून लालांद, देलालांद. नैर्ऋत्येला लांद नावाचा जिल्हाच आहे, तिथला माळ हिवाळ्यात पाण्याखाली जायचा, सपाट एवढा की मेंढ्या दिसायच्या नाहीत, म्हणून मेंढपाळ उंच काठ्या पायाला बांधून चालायचे, तिसरी लांब काठी मागे टेकवून तिच्यावर बसायचे, आणि तिथेच वरती बसून मोजे विणायचे! मी चित्रं बघितलीत, करकोच्यासारखी माणसं. मग 1857 मधे तिसऱ्या नेपोलियनच्या काळात कायदा झाला, चर खणून पाणी काढून पाइनची झाडं लावा, आणि आता तिथे अफाट जंगल आहे. मेंढपाळ गेले, काठ्या उरल्या जत्रेतल्या नाचापुरत्या.

फ्रेंचमधे त्या झुडपाला ब्रुयेर म्हणतात, त्यावरून ला ब्रुयेर, आणि आजोबा लोक ओढतात तो ब्रायर पाइपही त्याच शब्दावरून, कारण तो या झुडपांच्या एका मोठ्या जातभाईच्या मुळाच्या गाठीपासून करतात. स्पेनच्या कॅटलोनियात त्याचं झालं ब्रुगेरा. ब्रुगेरा ऐकून टेनिसवाले जागे झाले असतील. 1996 अटलांटा ऑलिंपिक, गोल्ड आगासी, सिल्व्हर सर्जी ब्रुगेरा, आणि ब्राँझ आपला लिएंडर पेस, ज्याचे वडील मूळचे गोव्याचे. म्हणजे त्या पोडियमवर लिएंडरच्या शेजारी एक माळकर उभा होता.

स्वीडनमधे झुडपाचं नाव युंग, आणि फुटबॉलमधल्या आर्सेनलवाल्यांचा लाडका फ्रेडी, ज्याला आपण स्पेलिंग बघून ल्युंगबर्ग म्हणतो, तो खरा युंगबेरी, झुडपांचा डोंगर. तिकडे निसर्गातले दोन शब्द चिकटवून आडनाव करायची फॅशनच होती, त्यामुळे त्याच्या घराण्याने असा डोंगर पाहिलाच असेल असं काही नाही. फिनलंडमधे कांगास म्हणजे माळ, आणि कांगास म्हणजे कापडसुद्धा, तेव्हा तिथला कांगास विणकर असेल असं मला आधी वाटलेलं. पोलंडमधे तर झुडपावरून व्झोसेक आडनाव आहेच पण सप्टेंबर महिन्याचं नावही त्याच झुडपावरून, कारण तेव्हा ते फुलतं.

स्कॉटलंडचं म्यूर मात्र एकदम साधं, मूर म्हणजे उंचावरचा ओलसर माळ, त्याचंच स्कॉट रूप. अमेरिकेत जंगलं वाचवा म्हणून हिंडणारा, 1892 मधे सिएरा क्लब काढणारा जॉन म्यूर हा स्कॉटलंडच्या डनबारचा. पण मूर दिसला की लगेच माळ समजू नका, आयर्लंडमधले कित्येक मूर हे मूळचे ओ मोर्दा, त्याचा अर्थ भारदस्त, रुबाबदार, आणि काही मूर सावळ्या रंगावरून पडलेले. तसंच मॅथ्यू हेडनचं आडनाव फान डर हाइडेनसारखं वाटतं पण इंग्रजी हेडनमधे बहुतेक वेळा गवताची, म्हणजे चाऱ्याची, टेकडी किंवा दरी असते. मी स्वतः त्याला एका मित्राच्या पार्टीत माळकर ठरवून मोकळा झालो होतो, नंतर गुपचूप तपासलं आणि गप्प बसलो.

हे सगळं वडिलांना फोनवर सांगितलं परवा, हॅडली म्हणजे माळावरची मोकळी जागा वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे माळावरच्याने आपल्या गाववाल्याची दांडी उडवली तर." आणि मग म्हणाले, "पण तो बॉल खाली राहिला होता, सांग त्यांना रेडिओवर."