रंग ठरवण्याआधी ऊन बघा

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, हॉलला कोणता रंग द्यावा?" पलीकडून पहिला प्रश्न हाच. आणि माझाही उलटा प्रश्न ठरलेला असतो, "दुपारी तीन वाजता तुमच्या हॉलमध्ये ऊन कुठं असतं?" बहुतेक पुरुषमाणसांना ते सांगता येत नाही, पंधरा वर्षं त्याच घरात राहिलेली असली तरी. घरातल्या बायांना मात्र लगेच सांगता येतं. पापड-कुरडयांचं वाळवण उन्हाच्या मागं मागं त्यांनीच सरकवलेलं असतं ना! म्हणून रंगाची बोलणी करायला मी बसते ती आधी त्यांच्याजवळ.

मी लातूरला राहते. घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. सुरुवातीच्या वर्षांत परभणीला एका गुरुजींच्या घरी माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते. एका मासिकातला फोटो मला फार आवडला होता. गडद विटकरी भिंत, तिच्यापुढं पांढरी चादर घातलेला पलंग. तोच रंग मी त्यांच्या झोपायच्या खोलीला दिला आणि बाहेरूनही त्या भिंतीला तोच सुचवला. काम झालं जानेवारीत. सगळ्यांनी वाखाणलं. एप्रिल संपता संपता काकूंचा फोन आला, "ताई, त्या खोलीत झोपवत नाही हो."

मी गेले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. भिंतीवर तळहात टेकवला आणि पटकन काढून घेतला, इतकी ती तापली होती. पश्चिमेची भिंत, समोर झाड नाही, आडोसा नाही. दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंतचं सगळं ऊन तिनं बाहेरून प्यायलं होतं आणि आता रात्रभर ती ते खोलीत सोडत बसणार होती. भिंत तापली ती बाहेरच्या गडद रंगामुळं, आतल्या रंगाचा त्यात दोष नव्हता. पण मावळतीचा तांबूस उजेड खिडकीतून त्या विटकरी रंगावर पडला की सगळी खोली पेटल्यासारखी दिसायची. डोळ्याला पेटलेलं दिसलं की अंगालाही झळ लागते. मी बाहेरून पांढरा आणि आतून फिकट पारवा रंग माझ्या खर्चानं देऊन दिला. तेव्हापासून फोटो बघून रंग ठरवणं मी सोडलं. तो फोटो कुठल्या तरी थंड मुलखातल्या घराचा असतो. तिथला उजेड आपल्या खिडकीत येत नाही.

आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 42, 43 अंशांवर जातो. गडद रंग ऊन पितो, फिकट रंग ते परत पाठवतो, हे आपल्या आजी-पणजीला ठाऊकच होतं. आता काही कंपन्या शेडकार्डावर एल.आर.व्ही. नावाचा आकडा छापतात. पडलेल्या उजेडापैकी किती उजेड तो रंग परत टाकतो, त्याचं ते माप. निव्वळ काळा म्हणजे 0 आणि निव्वळ पांढरा म्हणजे 100. दुकानात गेलात तर हा आकडा विचारा. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीला 70 च्या खालचा रंग मी शक्यतो देत नाही.

आणि स्लॅब! सगळ्यात जास्त ऊन त्यालाच लागतं, पण रंगाच्या हिशेबात त्याला कुणी धरत नाही. इथं मला किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं कोसळली. दगडाला दगड मातीत बसवलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपायला माणसं धजेनात. सिमेंटचा स्लॅब आला, आणि त्या भीतीपुढं तो यायलाच हवा होता. पण माळवदाची जाड पांढरी माती दुपारचं ऊन वरच्यावर अडवायची, ते स्लॅबला जमत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनो, रंगासाठी हातात थोडेच पैसे असतील तर ते हॉलवर घालू नका. आधी गच्चीला चुन्याचे दोन हात मारा, चुना धरून राहावा म्हणून त्यात डिंक घाला. गुढीपाडव्याच्या आत हे काम उरका. पंख्याखाली बसल्यावर फरक कळतो.

आता आतल्या खोल्या. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही. तिथला उजेड दिवसभर सारखा आणि जरा निळसर असतो, त्यामुळं राखाडी रंग तिथं मरगळलेला दिसतो. तिथं बदामी द्या, मोतिया द्या, हळदीची नुसती चाहूल असलेला पांढरा द्या. पूर्वेच्या स्वयंपाकघराला जवळजवळ काहीही चालतं, सकाळचं कोवळं ऊन सगळ्यांना सांभाळून घेतं. आणि ट्यूबलाइट! दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली निवडलेला अबोली घरच्या पिवळ्या बल्बखाली भलताच केशरी दिसतो. म्हणून 200 मिलीचा छोटा डबा आणा, भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा रंगवा आणि तो पूर्ण वाळू द्या. मग सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. दोन दिवस जातात, पण पुढची पाच वर्षं मनाला खात नाही. घर नवं असेल तर गिलाव्याला किमान 28 दिवस द्या. बोअरच्या खारट पाण्यात कालवलेल्या गिलाव्यावर घाईनं रंग मारला तर वर्षाच्या आत लोणा फुटतो, आणि मग लोक रंगाच्या नावानं खडे फोडतात.

शेडकार्डावर रंगाला क्रमांक असतो. आपल्या भाषेत मात्र रंगाला वस्तूचं नाव आहे. आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, पोपटी, अंजिरी, शेवाळी, गव्हाळ, चिंतामणी. मी घरी जाते तेव्हा कार्ड पिशवीतच ठेवते आणि आधी ही नावं घेते. "आमसुली" म्हटलं की घरातल्या चारही माणसांच्या डोळ्यांपुढं एकच रंग येतो. क्रमांक सांगितला तर ती चौघं एकमेकांकडं बघत राहतात.

अजिंठ्याला आपण सगळेच शाळेच्या सहलीत गेलेलो असतो. आता मोठेपणी एकदा फक्त रंगांसाठी जा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना, काळ्यासाठी काजळ. निळा तेवढा लांबून आला, आजच्या अफगाणिस्तानातून आणलेला लाजवर्द नावाचा निळा दगड. म्हणजे झाले किती? सहा. काळ्या दगडावर भाताचा तूस घातलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर हे सहा रंग. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभं राहिलं की थोड्या वेळानं डोळे अंधाराला सरावतात. मग दिसतं, की मागचं सगळं दाट आणि मंद ठेवलंय, उजळ ठेवलाय तो चेहरा. बाराशे चौरस फुटांच्या घरात मला हेच करायचं असतं. माणसं उजळ दिसावीत, भिंतींनी मागं राहावं. एका खोलीत तीन रंगांपुढं मी जात नाही. पडदा, सोफा, दिवाणावरची चादर हेही रंगच आहेत, ते धरून तीन. चौथा आणायचाच असेल तर हिमरू कापडाची एखादी उशी ठेवा. ती जुनी झाली तर बदलता येते.

फरशीबद्दल थोडं तळमळीनं बोलते. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात मी ज्यांच्या घरी गेले त्यातल्या कितीतरी जणांनी नुकतीच पांढरीशुभ्र, चकचकीत टाइल बसवली होती. काळ्या मातीचा आपला मुलूख, दारातून आत आलेल्या प्रत्येक पावलाचा तिच्यावर ठसा. रोज पुसावी तर पाणी कुठून आणायचं? एका घरात मी सूनबाईंना धुण्याचं उरलेलं पाणी बादलीत जपून ठेवताना पाहिलं. फरशी पुसायला. त्या दिवशी मी ठरवलं, की ज्या भागात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही तिथं पांढरी फरशी मी सुचवणार नाही. शहाबादी घ्या, घोटून घ्या. राखाडी-हिरवट रंगाची, धूळ पोटात घालणारी, उन्हाळ्यात पायाला गार लागणारी. शेजारच्या कलबुर्गी भागातून येते, म्हणून वाहतूकही परवडते. तिला गरिबाची फरशी म्हणतात. म्हणू देत. मी माझ्या स्वतःच्या घरात तीच बसवली आहे.

उदगीरजवळच्या एका गावात शेतातलं नवं घर होतं. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याला सगळीकडं राखाडी हवा होता. आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, तुमच्या खोलीला कोणता रंग द्यायचा?"

"मला काय इचारायलीस माय, पोरांना इचार."

मी तिथंच बसून राहिले. त्यांच्याबरोबर तांदूळ निवडायला लागले. थोड्या वेळानं त्या उठल्या, आत गेल्या आणि पेटीतून एक वाकळ काढून आणली. ओसरीवर पसरली. सगळी लुगडी त्यांचीच. मधोमध हिरवं इरकल, बाजूनं आमसुली, कडेला खणाचे तुकडे, खाली मालकांच्या धोतराचं अस्तर. धावदोरा इतका बारीक की टाका मोजायला बोट लावावं लागलं. आजींनी हिरव्याची एक घडी उलगडली. घडीच्या आत गर्द हिरवा, आणि वर, जिथं वर्षानुवर्षं ऊन-वारा लागला होता तिथं, पावसाळ्यानंतर सुकत आलेल्या गवतासारखा.

"हे आतलं नवं हाय," त्या म्हणाल्या. मग वरच्या फिक्या भागावरून हात फिरवला. "मला ह्ये आवडतं. ऊन खाल्लेलं."

ती वाकळ घेऊन मी उदगीरच्या दुकानात गेले. मशीननं रंग जुळवून दिला तो भलताच उठावदार. शेवटी आमचे रंगारी मामा पांढऱ्याची बादली घेऊन बसले. हिरव्याचे थेंब टाकले, नखभर काळा, चिमूटभर पिवळा. भिंतीवर पहिला तुकडा, वाळला, नाही जमला. दुसरा. तिसरा. मुलगा पुण्याहून आला होता, तो घड्याळ बघत होता. चौथा तुकडा वाळला तेव्हा दिवेलागण झाली होती. आजींनी वाकळेचं टोक उचलून भिंतीला टेकवलं. लांब जाऊन बघितलं, परत जवळ आल्या. मुलाला हाक मारली, "ये, बघ रे." तो आला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, हे तुझं लुगडं मला आठवतंय."

आजी मामांकडं वळल्या. "आता लाव."

नमस्कार.